सगळ्यांत चांगलं कोण रडतं?

चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी, म्हणजे ‘पॅथेटिक’, एकदा ऐकून ज्याला सोडून देता येते तो माणूस सुखी. आमच्यासारख्यांना एक रेकॉर्डिंग ऐकलं की दुसऱ्यात काय वेगळं आहे याची खाज सुटते, आणि ती भागवायला बाजारात माल अमाप. हर्बर्ट फॉन कारायान या एकट्या कंडक्टरनीच 1939 ते 1984 या काळात ही सिम्फनी सात वेळा ध्वनिमुद्रित केली. एकच दुःख, सात वेळा! आमची एक मावशी प्रत्येक लग्नकार्यात स्वतःचं पित्ताशयाचं ऑपरेशन सांगते, पण तिच्याही कहाणीच्या इतक्या सुधारित आवृत्त्या निघालेल्या नाहीत.

तुलना करणाऱ्याची खरी परीक्षा पहिल्या भागातच होते. मध्यावर क्लॅरिनेट ती प्रसिद्ध धून हळूहळू विझवत नेतं आणि शेवटचे चार सूर बासूनच्या गळ्यात मारून मोकळं होतं. त्या सुरांखाली चायकोव्हस्कीने सहा ‘पी’ लिहून ठेवलेत. एक पी म्हणजे हळू, दोन म्हणजे फार हळू. सहा म्हणजे वाजवा, पण कुणाला कळता कामा नये. बासून पडलं भारदस्त वाद्य. इतक्या खाली उतरून कुजबुजणं त्याच्या स्वभावातच नाही. म्हणून बरेच कंडक्टर ते चार सूर गुपचूप बेस क्लॅरिनेटकडे सोपवतात. आता इथे नक्की कोण वाजवतंय हे कळल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही. आवाज वाढवायचा. अजून थोडा. कान स्पीकरला लावायचा. आणि पुढच्याच क्षणी अख्खा ऑर्केस्ट्रा एका ठोक्यात अंगावर कोसळतो.

खालच्या मजल्यावरच्या काकांना ‘पॅथेटिक’मधला एवढा ठोकाच माहीत आहे. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “कालचा फार जोरात फुटला हो. आजचा त्या मानाने बरा होता.” रेकॉर्डिंगची तुलना म्हणतात ती हीच.

दुसरा भाग पाच मात्रांचा वॉल्ट्झ. झपताल कानात मुरलेल्या माणसाला दोन-तीनचा हिशेब सहज जमतो. नाचणाऱ्याचं काय होत असेल ते त्याचं त्याला ठाऊक. तिसऱ्या भागातला मार्च इतक्या दणक्यात संपतो, की प्रत्यक्ष मैफलीत लोक हमखास टाळ्या वाजवून बसतात. मला त्यांचा राग येत नाही. पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत असतं, तर मीही आत्ताच टाळ्या वाजवून घर गाठलं असतं.

कारण पुढचा, शेवटचा भाग म्हणजे नुसता शोक. त्याच्या सुरुवातीची धून ऑर्केस्ट्रात कुणीच वाजवत नाही! एक सूर पहिल्या व्हायोलिनवाल्यांचा, पुढचा दुसऱ्यांचा, पुन्हा पहिल्यांचा. सुटे ऐकले तर दोघेही वेड्यासारखे उड्या मारताहेत असं वाटेल. धून जुळते ती फक्त ऐकणाऱ्याच्या कानात. चायकोव्हस्कीच्या काळात हे दोन तांडे मंचाच्या दोन टोकांना बसत. पुढे बहुतेकांनी त्यांना शेजारी-शेजारी आणून बसवलं आणि गंमतच घालवली. कंडक्टर येवगेनी म्राविन्स्कींनी मात्र लेनिनग्राड फिलहार्मोनिकमध्ये जुनी बैठक मोडली नाही. त्यांचं 1960 सालचं स्टिरिओ रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐका, सूर या कानातून त्या कानात येरझारा घालतात. फुर्टव्हेंगलरांचं 1938 सालचं बर्लिनचं रेकॉर्डिंग थोर खरं, पण मोनो. शिवाय तेव्हाच्या तबकडीची बाजू चारेक मिनिटांत संपायची, म्हणजे ऐन शोकात उठून तबकडी उलटा!

या सिम्फनीचा पहिला प्रयोग 28 ऑक्टोबर 1893 रोजी पीटर्सबर्गला झाला, चायकोव्हस्कीने स्वतःच तो कंडक्ट केला आणि नऊ दिवसांनी तो गेला. तेव्हापासून प्रत्येक कंडक्टरला वाटतं, या माणसासाठी रडायचा पहिला मान आपला. म्राविन्स्की हा शेवटचा भाग दहा मिनिटांच्या आत आवरतात. लिओनार्ड बर्नस्टाइन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या 1986 सालच्या रेकॉर्डिंगमध्ये सतरा मिनिटं घेतात. इतकं रडतात की समोरच्याला पाणी विचारायचीही सोय राहत नाही. हे जरा अतीच होतं असं माझं मत आहे, आणि तरी मी ते मध्येच बंद केलेलं नाही. मला कणव येते ती टॅम-टॅमवाल्याची. टॅम-टॅम म्हणजे भला मोठा तास. त्याच्यावर या सबंध सिम्फनीत एकच टोला, तोही शेवटच्या भागात आणि तोही हलकेच. बर्नस्टाइनच्या हाताखाली बिचाऱ्याने तासभर बसून तेवढ्यासाठी वाट बघितली असणार.

हे सगळं मी बायकोला समजावून सांगत होतो. तिने कुकरचं झाकण लावता लावता शांतपणे ऐकून घेतलं.

“अहो, यातलं लवकर संपणारं कुठलं?”

“म्राविन्स्की.”

“मग तेच लावा. शिट्ट्या मोजायच्यात मला.”

जगभरचे जाणकार साठेक वर्षं याच रेकॉर्डिंगला पहिल्या रांगेत बसवत आलेत. तिला त्यासाठी एकही ऐकावं लागलं नाही.