ताई, हे इंग्रजी चालतं का?

इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या बाईकडे सोसायटीतलं कुणी शेक्सपिअर समजून घ्यायला येत नाही. येतात ते टँकरचा अर्ज घेऊन. "ताई, 'डिस्कस अबाउट' चालतं ना?" नाही चालत म्हटलं, की ते 'अबाउट' जणू मीच हडप केलं, असे बघतात.

सेक्रेटरीकाकांची अडचण वेगळी. मीटिंग शनिवारऐवजी शुक्रवारी घ्यायची होती, पण नोटिशीत 'प्रीपोन' लिहायला हात धजेना. नात म्हणाली होती, "आजोबा, हे आपलं देशी इंग्रजी!" नात कॉन्व्हेंटची, म्हणजे विषय संपला. मी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातला दाखला काढला. १९१३ साल, न्यूयॉर्क टाइम्स. 'पोस्टपोन'ला जोडीदार हवा, मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी, म्हणून एका पत्रलेखकाने हा शब्द सुचवला होता. तारखा पुढे ढकलण्यात हयात घालवणाऱ्यांनी तो उचलला नाही, यात नवल काय! आपण मात्र रेल्वेच्या तिकिटापासून साखरपुड्यापर्यंत त्याला राबवला.

नियमांच्या जन्मकथा तर याहून मजेच्या. वाक्याच्या शेवटी 'टू', 'विथ', 'फ्रॉम' येता कामा नये, हे आम्हाला छडीने शिकवलं. ही कुरकुर १६७२ मध्ये कवी ड्रायडनने केली. त्याने बेन जॉन्सनच्या अशा वाक्यांना नावं ठेवली. जॉन्सनला जाऊन पस्तीस वर्षं झालेली, उलट उत्तर कोण देणार? पुढे ड्रायडनने स्वतःच्याच जुन्या निबंधातली तसलीच वाक्यं नव्या आवृत्तीत दुरुस्त केली. लंडनच्या एका कवीची खोड, आणि तळहात लाल झाले आमचे.

'लेस' की 'फ्यूअर', हेही तसंच. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर' बरं, असं १७७० मध्ये रॉबर्ट बेकरने सुचवलं, तेही आपली आवड म्हणून. पुढच्यांनी त्याचा कायदा केला. इतका, की २००८ मध्ये टेस्को या ब्रिटिश दुकानांनी रांगेवरच्या पाटीतलं 'लेस' काढलं, 'फ्यूअर'ही घेतलं नाही आणि 'अप टू टेन आयटम्स' लिहून सुटका करून घेतली. असा तोडगा आमच्या कमिटीला आजवर सुचलेला नाही.

राहिला 'कझिन ब्रदर'. इंग्रजांच्या मते 'ब्रदर' फाजील. पण त्यांच्या 'कझिन'वरून भाऊ की बहीण, तेही कळत नाही. मग आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ राहिले दूरच. तेव्हा लग्नपत्रिका इंग्रजीत छापणाऱ्यांनो, सगळ्यांना एका 'कझिन्स'मध्ये खुशाल कोंबा. व्याकरण शंभर टक्के बरोबर आहे. मामेभाऊ रुसला, तर त्याला माझ्याकडे पाठवू नका.