माद्रिदहून, राखीसह

ती. सौ. आईस,


सोबत दादाची राखी आहे. वेळेत पोचली नाही तर माझ्यावर रागावू नकोस, इथल्या पोस्टावर रागाव. सापडलं तर.

आमच्या स्पॅनिशच्या पुस्तकात पाचवा धडा 'शहर'. त्यात एकजण विचारतो, 'के एस एसे एदिफीथिओ?' म्हणजे ती इमारत कसली? दुसरा म्हणतो, 'एस कोरेओस', पोस्ट आहे. धडा संपला. तुझ्या जावयाने, मकरंदने, हे आंघोळ करतानासुद्धा घोकलं.

काल सिबेलेसच्या चौकात गेलो. मधोमध सिंहांच्या रथात बसलेली देवी आणि मागे मनोरे, कळस, कमानी असलेली पांढरीशुभ्र, अवाढव्य इमारत. मकरंदने बाकावरच्या आजोबांना गाठून धड्याबरहुकूम विचारलं. ते म्हणाले, "एरा कोरेओस." मकरंद म्हणाला, "बघ, पोस्टच!" पाकीट घेऊन आत शिरलो, तर आत महापालिका! 'एस' म्हणजे आहे, 'एरा' म्हणजे होतं. भूतकाळ आमच्या पुस्तकात अकराव्या धड्यात येतो गं.

ही इमारत १९१९ साली पोस्टाचं मुख्यालय म्हणून उघडली. थाट इतका चर्चसारखा, की लोक तिला थट्टेने 'दळणवळण माउली' म्हणायचे. २००७ पासून तिथे महापौर बसतात. माउली आहे, पोस्टाचं तिकीट नाही.

मग नकाशात 'कासा दे कोरेओस' दिसलं. पोस्टाचं घर! आता तरी चुकणार नाही म्हणून ऑगस्टच्या उन्हात वीस मिनिटं चालत पुएर्ता देल सोलला गेलो. हे घर १७६८ सालचं, आणि पोस्ट त्यातूनही केव्हाच उठून गेलेलं. आता तिथे माद्रिद प्रांताच्या सरकारप्रमुखांची कचेरी आहे. समोर फरशीत शून्य किलोमीटरची पाटी आहे, स्पेनचे मोठे रस्ते तिथून मोजतात. त्या पाटीवर उभी राहून मी मकरंदला जे बोलले ते लिहीत नाही, हे पत्र बाबाही वाचतील.

या भाषेत 'असणे'ला दोन क्रियापदं आहेत. कायमचं असेल तर एक आणि आजच्यापुरतं असेल तर दुसरं, असं आम्हाला शिकवलं. पण इमारत कुठे आहे हे विचारताना दुसरंच वापरायचं, जणू ती दगडी इमारत उद्या चालायला लागणार आहे! वर्गात मला याचं हसू आलं होतं. दोन पोस्टं हातची निसटल्यावर पटलं. प्रश्नही कसा, तर 'दोंदे एस्ता?' म्हणजे कुठे आहे? बाबांना वाचून दाखवू नकोस, उगाच पोट आत घेतील.

शेवटी एका बाईंना विचारलं, "दोंदे एस्ता कोरेओस?" आमच्या हातातलं पाकीट बघून त्या हसल्या, आणि कोपऱ्याकडे बोट करून जोरात म्हणाल्या, "आई!" तुझी नात ईशा दचकलीच. "या कुणाच्या आईला बोलावतायत?" कुणाच्याच नाही. 'आई' म्हणजे 'तिथे'. आणि तिथे काय, तर तंबाखूचं दुकान! इथे पोस्टाची तिकिटं सरकारमान्य तंबाखूवाल्याकडे मिळतात. तेव्हा पाकिटाला वास आला तर जावयावर संशय घेऊ नका. पोस्टाची पिवळी पेटी दाराबाहेरच होती, पण पाकीट अजून चिकटवलं नव्हतं, म्हणून घरी आणून हे सगळं आत घातलं.

आता रस्त्यात कुणीही बोट दाखवून 'आई' म्हटलं की ईशा माझ्याकडे बघते.

दादाला आणि बाबांना नमस्कार.

तुझी,
माधवी

ता. क. पत्त्यात नेहमीसारखं 'जुन्या एसटी स्टँडसमोर' असंच लिहिलंय. तिथे आता स्टँड नाही, हे नव्या पोस्टमनला ठाऊक आहे ना?