मोठी कंपनी आणतो!

निवडणूक झेडपीची असो की विधानसभेची, कऱ्हाडजवळच्या उंब्रजच्या बाजारपेठेत एक आश्वासन ठरलेलं: “आपल्या भागात मोठी कंपनी आणतो.” टाळ्या पडतात, मतं पडतात आणि मग विषयावर पडदा पडतो. मोठी म्हणजे केवढी, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण कंपनी कुठं बसणार हे बरंचसं तिच्या अंगापिंडावरच ठरतं.

मोठी कंपनी आपल्या भागात आलीच नाही असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केले. मग नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली आणि किर्लोस्करांना बाडबिस्तरा आवरावा लागला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. साल 1910. निवडुंग उपटून कारखाना उभा राहिला, त्यामागं कामगारांची घरं, शाळा, सगळं आलं. स्टेशनचं नावसुद्धा किर्लोस्करवाडी झालं. इकडं कऱ्हाड स्टेशनच्या अंगाला ओगल्यांचा काचकारखाना 1916 चा. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर लटकला. वीज आली, कंदील गेला, कारखाना बंद पडला. ओगलेवाडी आहे.

पण किर्लोस्कर वाढले तेव्हा काय झालं ते बघा. 1941 साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर. 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना, त्याच साली बंगळूरला विजेच्या यंत्रांचा. पुणे, बेळगाव, हरिहर, बंगळूर, सगळी गावं एकाच महामार्गावर, आणि तो महामार्ग उंब्रजच्या पोटातून जातो. म्हणजे मोठी कंपनी उंब्रजवरूनच गेली म्हणायला हरकत नाही, फक्त स्टॉपला थांबली नाही. किर्लोस्करवाडीत पंप आजही बनतात, हेही सांगितलं पाहिजे. तरी वाढत्या कंपनीला बँक लागते, वकील लागतात, नटबोल्टपासून ओतकामापर्यंतचे पुरवठादार हाकेच्या अंतरावर लागतात, आणि साहेबाच्या पोरांना शाळा लागते. माळावर हे सगळं पदरचं उभं करायला छाती लागते. ती सगळ्यांकडं नसते. ज्यांच्याकडं असते, तेही पुढच्या कारखान्याला शहराचाच रस्ता धरतात.

साखर कारखान्याचं तसं नाही. त्याला हलताच येत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटतं आणि उताराही, म्हणून शिरवड्याचा सह्याद्री काय नि रेठऱ्याचा कृष्णा काय, उसाच्या रानातच बसणार. त्यातही दोन कारखान्यांत किती हवाई अंतर हवं ते सरकार ठरवतं. केंद्राचं 15 किलोमीटर, महाराष्ट्राचं 25. ऊस गाडीतून जातो, अंतर मात्र विमानातून मोजायचं! गुऱ्हाळाला ही अट नाही. ते लहान आहे, कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

लहान राहण्यात फायदा असतो, हे शेडवाल्यांनाही कळतं. विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये कामगार 20 झाले की ती कायद्यानं कारखाना ठरते. त्यामुळं हजेरीपटावर 19 व्या नावाखाली रेघ ओढणारे गणिती राज्यात कमी नाहीत. विसावा माणूस पुण्याच्या गाडीत बसतो.

खरी गंमत सगळ्यात छोट्या कंपनीची. विटा-खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातला गलाईवाला घ्या. एक खोली, एक भट्टी, दोनचार मुशी, तेजाबाची बरणी आणि तराजू. जुनं सोनं आटवायचं, शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा. सगळा कारखाना एका ट्रंकेत मावतो, म्हणून तो केरळात पोचला, तमिळनाडूत पोचला, बंगालात पोचला. जिथं सराफकट्टा, तिथं विट्याकडचा माणूस. आधी एक भाऊ जातो, मागनं दुसरा, मग मेव्हणा, मग आळीतली पोरं. हेड ऑफिस जत्रेला गावी येतं. देशभर शाखा असलेल्या या धंद्याला कुठल्या मंत्र्यानं भूखंड दिला होता?

आता उंब्रज. इथला रोजगार शटरमागं आहे. गॅरेज, पंक्चर, खत-बियाणं, कापड, चहा-वडा. एकेका दुकानात दोन-तीन माणसं, पण सगळी शटरं मोजली तर एक बरी कंपनी भरेल. तिला अनुदान नको, सवलतीतली वीज नको. चाफळ-तारळ्याकडनं वडापनं आलेला माणूस रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात जाऊ शकला पाहिजे, एवढंच तिचं औद्योगिक धोरण. आणि नेमकं महामार्गाच्या भराव पुलानं गावाचे दोन तुकडे केले. म्हणून उंब्रजकर खांबांवरचा, आरपार दिसणारा पूल मागत आलेत. ‘पारदर्शक पूल’ म्हणतात त्याला. सरकारकडं पारदर्शक काही मागायचं म्हणजे धाडसच!

मोठ्या कंपनीनं शंभर एकर मागितले तर मंत्रालयात लाल गालिचा अंथरला जातो. इथं मागणी पुलाखालून पलीकडं जाण्याएवढ्या वाटेची आहे. ती आधी द्या, कंपनीचं नंतर बघू.