शून्य चुकांचा दरबार

तंजावूरच्या राजवाड्यात, सरस्वती महाल ग्रंथालयात, भोसल्यांच्या दफ्तराचे मोडी कागद गठ्ठ्यागठ्ठ्यांनी आहेत. मोडी लिहिणारा कारकून आधी आडवी रेघ टोकापर्यंत ओढून घेई आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत सुटे. ह्रस्व-दीर्घाची पंचाईत नाही, दोन शब्दांत अंतर नाही. नियमच नाही, तिथे चूक कसली काढता?

संगणकाचे प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवणाऱ्या कंपायलरवाल्यांना हे राजमान्य तत्त्व उशिरा का होईना उमगलं, त्यांचं अभिनंदन. आकडेमोड झपाट्याने उरकायची, तर प्रत्येक आकड्याला ‘बाबा, बरा आहेस ना?’ विचारत बसणं परवडत नाही. म्हणून जीसीसी या कंपायलरात ‘फास्ट-मॅथ’ची सोय आहे. ती लावली की ‘नॅन’, म्हणजे आकडा नसलेला आकडा, जगात नाहीच असं कंपायलर धरून चालतो. ‘हा नॅन आहे का?’ असं तुम्ही मुद्दाम विचारलंत, तर तो प्रश्नच फालतू म्हणून खोडून टाकू शकतो. केवढी ही शिस्त!

तरी तंजावूर एक पाऊल पुढेच. मोडी वाचणारे दिवसेंदिवस दुर्मीळ होताहेत. शेवटचा जाणकार निवृत्त झाला, की त्याच संध्याकाळी अख्खं दफ्तर निर्दोष जाहीर करता येईल.