शून्य की ओ? पार्किंगचे पाच दंड लढवण्याची प्राथमिक शिकवणी

ही शिकवणी इंग्लंडात राहणाऱ्या, गाडी बाळगणाऱ्या आणि स्वतःला व्यवस्थित समजणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. यातले आकडे लंडनबाहेरच्या गावांचे आहेत. लंडनात दंड याहून बराच मोठा असतो, त्यामुळे तिथल्या वाचकांनी छाती थोडी जास्त घट्ट करावी.

साहित्य: गाडी एक. रहिवासी परमिट एक, रीतसर पैसे भरलेलं. पुण्याचं विमानाचं तिकीट. वडील, शक्यतो महसूल खात्यातून निवृत्त झालेले.

पायरी पहिली: चूक करा

चूक चोख हवी. परमिटच काढलं नाही, तर तो आळस झाला. त्याला ही शिकवणी उपयोगी नाही. परमिट काढलेलं असावं, पैसे गेलेले असावेत, पत्ता बरोबर असावा आणि तरीही गाडीला परमिट नसावं.

मी ते असं जमवलं. डिसेंबरात घर बदललं. नवी गल्ली रहिवाशांच्या पार्किंग झोनमध्ये. पूर्वी काचेला लावायला कागद मिळायचा, त्यावरचं आपण निदान वाचायचो तरी. आता परमिट म्हणजे कौन्सिलच्या संगणकातला गाडीचा नंबर. वॉर्डन येतो, हातातल्या यंत्रात तुमचा नंबर घालतो, यंत्र हो किंवा नाही म्हणतं. पुण्याच्या विमानाच्या आदल्या रात्री साडेअकराला मी हा अर्ज भरत होते. बॅग हुकाच्या काट्याला लटकलेली, काटा २३ किलो ८०० ग्रॅम दाखवतोय, नवरा विचारतोय की आईंचे बूट काढू की चॉकलेटं, आणि लॅपटॉप मांडीवर.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००१ पासूनच्या गाड्यांचा नंबर असा असतो: दोन अक्षरं, दोन आकडे, मग तीन अक्षरं. मधले दोन आकडे गाडी कुठल्या सहामाहीत नोंदली ते सांगतात. माझी मार्च ते ऑगस्ट २०२० मधली, म्हणून २०. मी दोन दाबला आणि मग शून्याऐवजी त्याच्या खालच्या ओळीतला इंग्रजी ओ. वेबसाइटनं तो घेतला, पैसे घेतले आणि आभार मानले.

पुष्टीचा ईमेल मी वाचला होता, हे इथे नमूद करते. दिसणार काय? या देशाच्या नंबरप्लेटवर शून्य आणि ओ एकाच साच्यातून काढतात. पाटीवर दोन्ही सारखेच, आणि ईमेलमध्ये डोळ्यांनी तेच वाचलं जे त्यांना पाठ होतं. (शून्य आपण जगाला दिलं, वगैरे. हा विनोद तुम्हाला प्रत्येकजण ऐकवेल. मला अकरा जणांनी ऐकवला. पहिला माझा सख्खा भाऊ.)

पायरी दुसरी: गावाला जा

तीन आठवडे पुरे. गाडी दारात, परमिटवर, बिनघोर. ४ जानेवारीला परतलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि टॅक्सीवाल्यानं आमच्याच गाडीमागे टॅक्सी लावली. वाइपरखाली पाच पिवळी प्लास्टिकची पाकिटं एकावर एक, लग्नातल्या आहेरासारखी. सगळ्यात खालचं १६ डिसेंबरचं, मग १८, २३, ३० आणि वरचं करकरीत २ जानेवारीचं. खालच्या दोन पाकिटांत पाणी शिरून कागद पापडाच्या लाटीसारखा मऊ झाला होता. नवरा म्हणाला, "आपलं परमिट आहे ना गं?" मी म्हणाले, "आहे म्हणजे काय!" हे वाक्य पुढे मला दोन महिने ऐकवण्यात आलं.

पायरी तिसरी: पाकीट उघडा, पैशाला हात लावू नका

आधी बघा, नोटीस कोणाची आहे. कौन्सिलची असते ती पेनल्टी चार्ज नोटीस, खासगी कंपनीची असते ती पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींना लोक पीसीएनच म्हणतात, आणि दुसरीनं आपण पहिलीसारखं दिसावं अशी पुरेपूर काळजी घेतलेली असते. गंमत अशी की, शून्याच्या जागी ओ घालण्याची चूक खासगीवाल्यांनी माफ करावी असं त्यांच्या संघटनांच्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे. कौन्सिलला ती आचारसंहिता लागू नाही. माझी कौन्सिलची होती.

कोड १२: वैध परमिटाशिवाय रहिवाशांच्या जागेत गाडी. दंड ७० पौंड, १४ दिवसांत भरलात तर ३५. पाच सत्ते पस्तीस, म्हणजे ३५० पौंड. पहिल्या दोन नोटिशींची सवलत मी पर्वतीच्या पायऱ्या चढत असताना संपली होती, तिसरीला उद्याचा दिवस उरला होता.

इथे नवशिक्या हमखास घसरतो. 'अर्ध्या किमतीत' असं दिसलं की आपला हात लक्ष्मी रोडवर जातो तसा कार्डाकडे जातो. थांबा. पैसे भरले की ते प्रकरण मिटलं, मग त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. उलट १४ दिवसांच्या आत हरकत घेतली आणि ती फेटाळली गेली, तर सवलतीचे १४ दिवस पुन्हा द्यावेत, असं सरकारी मार्गदर्शन कौन्सिलांना सांगतं. म्हणजे सवलत शिल्लक असताना अर्ज करणाऱ्याचं सहसा काही जात नाही.

गप्प बसणं हाही मार्ग नव्हे. २८ दिवस उलटले की गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या पत्त्यावर 'नोटीस टू ओनर' येते. तिलाही उत्तर दिलं नाही की दंड दीडपट, म्हणजे ७० चे १०५. मग प्रकरण नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टातल्या कक्षात नोंदलं जातं आणि शेवटी वसुलीवाले दारात. घर बदललेल्यांनी गाडीच्या नोंदणीपुस्तकावरचा पत्ताही लगेच बदलून घ्यावा. तो फुकट बदलतात. न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय सगळ्या नोटिसा जुन्या घरात नव्या भाडेकरूच्या पायपुसण्यावर पडत राहतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायचंच असेल तर विचारा. मला चाळीस मिनिटांत कळलं की माझा व्हिसा जाणार, लायसन्सवर पॉइंट येणार आणि एकाच्या मेव्हण्याला असंच झालं होतं. तर, हा दिवाणी दंड आहे, फौजदारी गुन्हा नाही, आणि त्याचे लायसन्सवर पॉइंट येत नाहीत. मेव्हण्याचं मला माहीत नाही.

आणि नगरसेवक. हा विचार तुमच्या मनात येणार, कारण तो आपल्या रक्तात आहे. "आपल्या वॉर्डाचा कोण आहे?" असं मीही नवऱ्याला विचारलं. इंग्लंडात निवडून आलेल्या सदस्यांनी धोरण ठरवावं, पण एखाद्याचा दंड रद्द करायचा की नाही यात पडू नये, असं मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलेलं आहे. वाचून जरा पोरकं वाटतं.

पायरी चौथी: अर्ज

माझा पहिला मसुदा अडीच पानी होता. त्यात मी गेली नऊ वर्षं नियमानं कर भरते, प्रवासाचा शीण, सासूबाईंचा मोतीबिंदू, पाच वेळा तोच वॉर्डन येऊन गेला तरी त्याला दया आली नाही, आणि वेबसाइट किती भिकार आहे, हे सगळं होतं. तो मी बाबांना पाठवला. बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांनी आयुष्यभर लोकांचे अर्ज वाचले.

व्हिडिओ कॉलवर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुला दंड माफ करून हवाय की त्यांना लाज वाटायला हवीय?"

"दोन्ही."

"एका अर्जात एकच मागणी करायची असते."

मग त्यांनी एकेक सांगितलं आणि मी लिहून घेतलं. चूक आपली आहे ते पहिल्या ओळीत कबूल कर. लपवलेली चूक शोधायला कारकुनाला फार आवडतं, उघडी ठेवली की त्याचा रस जातो. वॉर्डनबद्दल अक्षर नको, तो त्यांचा माणूस. मोतीबिंदू काढ. आणि समोरच्याला फाइल बंद करायला कारण हवं असतं, ते तू त्याच्या हातात दे, त्याला शोधायला लावू नकोस.

अंतिम अर्ज अकरा ओळींचा झाला. परमिटाचे पैसे अमुक तारखेला भरले, पावती सोबत. नोंदणीपुस्तकाप्रमाणे नंबर असा, परमिटावर असा. फरक एका खुणेचा. आकड्याच्या जागी अक्षर असलेला असा नंबर ब्रिटिश पद्धतीत असूच शकत नाही, म्हणजे या परमिटावर दुसरी कुठलीही गाडी कधी उभी राहिली नसणार. पाचही नोटिसा याच एका चुकीतून आल्या, आणि पहिली लागल्यापासून पाचवी लागेपर्यंत मी देशात नव्हते, बोर्डिंग पास सोबत. त्यामुळे दुरुस्तीची संधी मिळाली नाही. कळल्यावर त्याच दिवशी नंबर दुरुस्त करून घेतला, तो ईमेल सोबत. तरी आपल्या अखत्यारीत पाचही दंड रद्द करावेत ही विनंती.

'आपल्या अखत्यारीत' हे बाबांचं, आणि सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. कायद्याच्या काटेकोर अर्थानं गाडीला परमिट नव्हतं. पण कुठल्याही टप्प्यावर दंड रद्द करण्याचा अधिकार कौन्सिलला असतो, आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणावर तपासणं तिला बंधनकारक आहे. पुढे ट्रायब्युनल आहे, तिथे जायला फी नाही, स्वतंत्र वकील-न्यायाधीश निर्णय देतात. मात्र निव्वळ सहानुभूतीवर दंड रद्द करणं त्यांच्या हातात नसतं. कायदेशीर मुद्दा लागतो, नाहीतर ते फार तर कौन्सिलला शिफारस करतात. तेव्हा रडायचं ते कौन्सिलसमोर, भांडायचं ते ट्रायब्युनलसमोर. जागची न हललेली गाडी म्हणजे एक उल्लंघन की रोज एक नवं, हा मुद्दा मी ट्रायब्युनलसाठी राखून ठेवला होता. तिथे एका न्यायाधीशाचा निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक नसतो, त्यामुळे त्यावर फार मांडे खाण्यात अर्थ नव्हता.

अर्ज एकच, पण पाठवायचा पाच वेळा. प्रत्येक नोटिशीचा नंबर वेगळा, प्रकरण वेगळं. 'सर्वांसाठी मिळून' असा एकच पाठवलात तर एक रद्द होऊन चार निवांत वाढत बसण्याचा धोका. पाचही पोचपावत्या मी जपून ठेवल्या. बाबा त्यांना अजून आवक क्रमांकच म्हणतात.

पायरी पाचवी: वाट पाहा

तीन आठवड्यांत पाच उत्तरं आली. चार दंड रद्द. तिसरा, २३ डिसेंबरचा, कायम. तोच अर्ज, तीच जोडपत्रं, टेबल बहुधा वेगळं. 'वैध परमिट असल्याची खात्री करणं ही वाहनचालकाची जबाबदारी आहे' असा छापील परिच्छेद, आणि १४ दिवसांत ३५ पौंड भरण्याची पुन्हा संधी.

नवरा म्हणाला, भरून टाक, ३५० चे ३५ झाले. शहाणपणाचं तेच होतं. इथे नवशिक्यानं भरून टाकावेत असंच मी सांगेन, कारण पुढे गेलात आणि हरलात तर ७०. मी भरले नाहीत. नोटीस टू ओनरची वाट पाहिली, ती आल्यावर २८ दिवसांच्या आत रीतसर हरकत पाठवली. जुन्या अर्जात एक ओळ वाढवली: याच चुकीचे उरलेले चार दंड आपणच रद्द केले आहेत, पत्रं सोबत. या टप्प्यावर कौन्सिलनं ५६ दिवसांत उत्तर दिलं नाही तर हरकत मान्य झाली असं धरतात, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दिवस खोडत होते. एकोणचाळिसाव्या दिवशी पत्र आलं. नोटीस योग्यच होती, तथापि सौजन्य म्हणून, या वेळेपुरती, रद्द.

पत्राचा फोटो बाबांना पाठवला. 'तथापि चांगला वापरलाय,' एवढंच उत्तर आलं.

डिसेंबरात परमिटाच्या नूतनीकरणाचा ईमेल आला. माझ्या सोयीसाठी गाडीचा नंबर आधीच भरून ठेवला होता. ओ घालून.