फ्रिजाची मिशिगन-यात्रा

आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घर, असं विकणारा सांगतो. घर बिघडलं तर प्लंबर येतो, गाडी बिघडली तर मेकॅनिक येतो. चाकांवरचं घर बिघडलं की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, हे घेणाऱ्याला पहिल्याच उन्हाळ्यात कळतं.

आमचं मोटरहोम १९९६चं. शिकागोच्या एका उपनगरात ज्या गृहस्थांकडून ते घेतलं, त्यांनी इंजिनाबद्दल तासभर सांगितलं, टायरांची बिलं दाखवली आणि फ्रिजाचं दार उघडून आतला दिवा दाखवला. दिवा उत्तम होता. पुढे जे जे झालं त्यात तो दिवा एकदाही बिघडला नाही.

जुलैत सासू-सासरे भारतातून आले होते. मिशिगन सरोवराच्या काठाने वर ट्रॅव्हर्स सिटीपर्यंत जायचं, चेरी खायच्या, स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्या चढायच्या आणि परत यायचं, असा बेत ठरला. सासरे, म्हणजे अण्णा, एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. निवृत्ती त्यांना मान्य नाही. सासूबाईंना अमेरिकेतल्या रस्त्यांवर अन्न मिळतं हे मान्य नाही. त्यामुळे फ्रिजात श्रीखंड, चक्का, डोशाचं पीठ, अळूवडीचे उंडे, आंबेहळदीचं लोणचं आणि कोथिंबिरीच्या इतक्या जुड्या होत्या की दार लावायला दोन माणसं लागली.

ट्रॅव्हर्स सिटीच्या कॅम्पग्राउंडवर पोचलो आणि सासूबाईंनी डोशाच्या पिठाचं झाकण उघडलं. पीठ स्वतःहून बाहेर आलं.

"फ्रिज गार नाहीये," ही म्हणाली. आत थर्मामीटर ठेवला तर पारा एकसष्टवर. अन्न चाळीस फॅरनहाइटच्या खाली राहिलं पाहिजे, वर दोन तासांहून जास्त राहिलं तर टाकून द्यावं, असा इथला सरकारी दंडक. हिने तो मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "मग आमच्या अख्ख्या गल्लीला टाकून द्यायला हवं होतं."

अमेरिकेत एरवी फोन केल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही. पण कॅम्पग्राउंडवर एखादा टॉर्च घेऊन गाडीच्या कुशीत वाकलेला दिसला, की पाच मिनिटांत निवृत्तांचं मंडळ जमतं. प्रत्येकाच्या हातात कॉफीचा मग आणि प्रत्येकाचा एक तरी फ्रिज कधी ना कधी मेलेला.

टेक्सासची टोपी घातलेल्या एका अगडबंब आजोबांनी एक शब्दही न बोलता खिशातून बुडबुड्याची गोल डबी काढली आणि फ्रीझरच्या तळाशी ठेवली. बुडबुडा एका कडेला जाऊन चिकटला.

"पाणसळ!" अण्णा ओरडले. परदेशात अचानक गाववाला भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला. पुढचा अर्धा तास अण्णा आणि ते आजोबा, एक मराठीत आणि एक टेक्सासच्या इंग्रजीत, गाडीची चाकं लाकडी फळ्यांवर चढवत होते. "अजून थोडं! बास! पुढे घ्या, जावईबापू!" दोघांच्या सूचना मला सारख्याच कळत होत्या, कारण दोघेही हातांनी बोलत होते.

हा उपद्व्याप कशासाठी, ते सांगायला हवं. जुन्या आर.व्ही.तला फ्रिज घरच्या फ्रिजाच्या जातीचा नसतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. पाठीला पोलादी नळ्यांचं भेंडोळं असतं आणि त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन जन्मापासून कोंडलेले. खाली प्रोपेनची ज्योत पेटवायची. आचेने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जातो, तिथे निवून त्याचा द्रव होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना तो फ्रिजातली उष्णता ओढून घेतो. शेवटी खाली येऊन पाण्यात विरघळतो. आग लावून गारवा मिळवायचा, हा खटाटोप १९२२ साली बाल्ट्सर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी जमवला. हलणारा भाग नसलेल्या फ्रिजाचं एक वेगळं अमेरिकन पेटंट १९३० साली आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनाही मिळालं. एवढ्या मोठ्या माणसालाही फ्रिजात डोकं घालावंसं वाटलं, हे वाचून मला धीर आला. त्यांचा फ्रिज बाजारात कधी आलाच नाही, हे वाचून तो गेला.

या नळ्यांत द्रव वाहतो तो केवळ उताराने. गाडी धावताना हिसके बसतात तेव्हा चालतं. पण उभी गाडी कललेली राहिली की द्रव एका कोपऱ्यात साचतो, खालचं बॉयलर कोरडं तापतं, नळ्या गंजू नयेत म्हणून आत घातलेलं सोडियम क्रोमेट खाली बसतं आणि नळी तुंबते. ज्या घराला रोज नव्या जमिनीवर उभं राहायचंय, त्याच घरात उतार न सोसणारा फ्रिज बसवण्याची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली असेल? त्याचं सासर वाकडं असणार.

गाडी समतल झाली. आता गार होण्याची वाट पाहायची, आणि हा फ्रिज गार व्हायला अर्धा दिवस घेतो. म्हणजे संध्याकाळचा उपाय लागू पडला की नाही, ते सकाळी कळणार. मंडळाने टपालाने बुद्धिबळ खेळावं तशी पाळी लावून घेतली.

सकाळी पारा अठ्ठावन्न. "तीन डिग्री उतरला!" मी म्हणालो. "रात्री थंडी होती," ही म्हणाली.

दुसऱ्या पाळीला मिनेसोटाच्या एक बाई होत्या. त्यांनी बाहेरची जाळी काढली, बर्नर बघितला आणि ज्योत पिवळी असल्याचं दाखवलं. प्रोपेनला जो वास मुद्दाम घातलेला असतो, तो कोळ्यांना आणि कुंभारमाशांना म्हणे आवडतो. आमच्या बर्नरच्या नळीत एका कुंभारीणबाईंनी मातीचं तीन खणी घर बांधलं होतं. बाईंनी ते तारेने कोरून काढलं, धुराड्यातली काजळी ब्रशाने झाडली. ज्योत निळी झाली, सुरसुरू लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी पारा साठ.

मग शेवटचा उपाय निघाला: फ्रिज खोबणीतून काढून उलटा करायचा. डोक्यावर उभा ठेवला की आत साचलेला द्रव गुडगुडत मोकळा होतो. याला इथले लोक ढेकर काढणं म्हणतात. सासूबाईंना हा उपाय फार पटला. त्यांनी ओवासुद्धा सुचवला. चार आजोबांनी बाह्या सारल्या, एकाने गॅसचा जोड सोडवायला पाना आणला, कुणी कुठला कोपरा धरायचा यावर मतभेद झाले. अण्णा मात्र एव्हाना जाळीच्या आत नाक घालून स्तब्ध उभे होते.

"ड्रॉइंग सेक्शन," ते म्हणाले.

"काय?"

"वर्कशॉपात ड्रॉइंग सेक्शनला अमोनिया प्रिंटचं मशीन होतं. आत गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. तोच वास. हा गळतोय, जावईबापू."

टेक्सासवाल्या आजोबांनी टॉर्च मारला. बॉयलरच्या पत्र्याचं टोपण बाजूला केलं. मागे, वाकलेल्या नळीच्या वळणावर, पिवळीधमक पूड जमली होती.

"अगबाई, हळद कुणी सांडली?" सासूबाईंनी बोट पुढे केलं आणि पाच जणांनी पाच दिशांनी त्यांचा हात मागे ओढला. ते सोडियम क्रोमेट होतं, चांगलंच विषारी. नळी फुटली, अमोनिया गेला, सोबत हायड्रोजन गेला. मागे राहिली ती पूड. अशा फ्रिजाला उलटा करा नाहीतर त्याच्यापुढे सत्यनारायण घाला. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. "हायड्रोजन म्हणजे बाँबचा तोच का?" सासूबाईंनी विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत बाहेर जाऊन बसल्या.

त्या रात्री फ्रिजाचं तेरावं झालं. उरलेल्या चक्क्याचंही श्रीखंड केलं, पुऱ्या तळल्या, अळूवड्या तळल्या आणि सगळं मंडळ जेवायला बसलं. टेक्सासवाले आजोबा श्रीखंड तीनदा मागून घेत हिला म्हणाले, "तुमचा फ्रिज पुन्हा कधी बिघडणार असेल तर आधी कळवा."

आता पुढे काय? घरचा साधा फ्रिज बसवावा म्हटलं तर तो आर.व्ही.च्या चिंचोळ्या दारातून आत जात नाही. समोरची काच काढावी लागते आणि विजेसाठी इन्व्हर्टर लागतो. बारा व्होल्टचे कॉम्प्रेसरवाले फ्रिज आता चांगले मिळतात, कलले तरी कुरकुरत नाहीत. पण आमच्या बॅटऱ्यांचा जीव पंखा लावला तरी घाबरतो. तिसरी वाट मिनेसोटाच्या बाईंनी सांगितली: पेटी तीच ठेवा, मागचं नळ्यांचं भेंडोळं तेवढं नवं घाला. आणि ते कुठे घालून घ्यायचं? इंडियानात, शिपशेवाना गावी. आमिश लोकांकडे.

यूएस-१३१ने दक्षिणेला निघालो. दोनशेहून अधिक मैल. पेट्रोल पंपापंपाला बर्फाच्या पिशव्या घ्यायच्या आणि मेलेल्या फ्रिजात भरायच्या, असा प्रवास. स्लीपिंग बेअरच्या टेकड्या राहिल्या. चेरी मात्र सासूबाईंच्या मांडीवर टोपलीत होत्या. कॅलामाझू गेलं, मिशिगन संपलं, आणि रस्त्याच्या कडेने काळ्या घोडागाड्या दिसू लागल्या.

एल्खार्ट आणि लग्रेंज हे इंडियानाचे दोन परगणे. अमेरिकेत मोटरहोम जन्माला येतात ते मुख्यतः इथे. एल्खार्टच्या संग्रहालयात १९१३ सालचं, मोटारीमागे ओढायचं घर ठेवलेलं आहे. अण्णांनी त्याच्याही खाली वाकून पाहिलं. याच दोन परगण्यांत आमिश लोकांची देशातली तिसरी मोठी वस्ती आहे. ते मोटार बाळगत नाहीत, तारेची वीज घरात घेत नाहीत. पण मोटरहोमच्या कारखान्यांत हजारोंनी कामाला जातात. घरी मात्र त्यांना फ्रिज लागतो, आणि वीज नाही म्हणून तो लागतो गॅसचा. ज्या फ्रिजाने आम्हाला अर्धं मिशिगन फिरवलं, त्याच्याशी यांचा रोजचा, घरातला संबंध.

वर्कशॉपात गवती टोपी, बिनमिशांची दाढी असा एक तरुण पुढे आला. हातातला पाना हवेच्या दाबावर चालणारा होता. कुठेतरी मागे डिझेल इंजिन धडधडत होतं. त्याने फ्रिज खोबणीतून ओढून गाडीतच पालथा निजवला. आतल्या बाजूचे पंखांसारखे अॅल्युमिनियमचे पत्रे सोडवले. मग मागून फोमच्या चौकोनी ठोकळ्यासकट जुनं भेंडोळं उपटून काढलं. नवं बसवताना चिकट मलम इतकं निगुतीने फासलं, की सासूबाई नकळत म्हणाल्या, "हात साफ आहे हो पोराचा." शेवटी गॅसच्या जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघितलं. अण्णांनी मान डोलावली. दापोडीतही हेच करत.

अण्णांना राहवेना. ते मला म्हणाले, "विचारा त्याला, हे मोडलं तर ठोकून चालतं का?" मी विचारलं. तरुण बराच वेळ विचार करून म्हणाला, "माझे आजोबा ठोकायचे." एवढ्यावर दोघांची गट्टी जमली.

खर्च दीड हजार डॉलरच्या आसपास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पारा चौतीसवर होता आणि रिकाम्या फ्रिजात दिवा लागला होता.

जुनं मोटरहोम घ्यायला निघालेल्यांना एवढंच सांगणं: विकणारा इंजिनाबद्दल बोलू लागला की त्याला बोलू द्या. तुम्ही बाहेरची जाळी काढा, टॉर्च मारा, बॉयलरच्या टोपणामागे छोटा आरसा धरून बघा. पिवळं दिसलं तर किमतीतून दीड हजार वजा करून मागा. हात लावू नका. आणि सोबत सासूबाई असतील तर त्यांना गाडीतच बसवा.