पिवळ्या दिव्याशी लढा : नवशिक्यांसाठी

अभिनंदन! व्हिडिओ बघून तुम्ही दोनशे अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन मागवलंत. फॅब्रिकेशनवाल्यानं ग्रिलचा सांगितलेला भाव ऐकून तुमचा जो संताप झाला, तो आम्ही समजू शकतो. आता मे महिन्यातली दुपार आहे, तुम्ही गच्चीवर आहात, आणि जेमतेम चौथ्या रॉडला मशीन तापून, पिवळा दिवा लागून थांबलंय. घाबरू नका. पुढच्या पायऱ्या क्रमानं करा.

१. माहितीपत्रक फेकून द्या. त्यात ‘ड्यूटी सायकल ६० टक्के’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे पूर्ण अँपिअरवर दहा मिनिटांतली सहा मिनिटं काम, चार मिनिटं विसावा. तेही भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत असेल तर! मे महिन्यात सोलापुरात हे ४० अंश सावलीत भरतात. गच्चीच्या फरशीवर किती, ते अनवाणी पायांना विचारा. कंपनीनं गृहीत धरलेली हवा आपल्याकडे जेवणाआधीच संपते, त्यामुळे पुढचं वाचून उपयोग नाही.

२. नॉब शेवटपर्यंत फिरवा. अडीच एमएमच्या रॉडला सत्तर-नव्वद अँपिअर पुरतात, आणि एवढ्यावर चांगलं मशीन सहसा थांबतच नाही, असं जाणकार सांगतील. ऐकू नका. दोनशेचे पैसे मोजलेत ना? अठरा गेजच्या पाइपाला भोक पडलं, तर ते बुजवायला आणखी चार रॉड जाळा. तेवढाच हाताला सराव.

३. मशीनला धुळीपासून जपा. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर हे फारच महत्त्वाचं. शेजारच्या यंत्रमागांवरून उडालेले सुताचे तंतू मशीनचा पंखा आत ओढतो आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये मऊ गादी घालतो. अधूनमधून कॉम्प्रेसरनं हवा मारून घेणं हा झाला पळपुटेपणा. त्यापेक्षा चालू मशीनवर सरळ चादर टाका. भौगोलिक मानांकनवाली, अस्सल सोलापुरीच घ्या. वीण इतकी दाट की धूळ आत जात नाही, हवाही नाही.

४. वीज खालच्या खोलीतून घ्या. मोबाइल चार्जिंगच्या बोर्डवरून, बारीक वायरीच्या एक्स्टेन्शननं. वेटोळं सोडू नका, पुन्हा गुंडाळत कोण बसणार? सव्वाशे अँपिअरवरसुद्धा मशीन बोर्डातून वीसेक अँपिअर ओढतं आणि बोर्ड असतो सहाचा. लांबलचक बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, ते भरून काढायला मशीन आणखी करंट ओढतं, वेटोळं तापतं, व्होल्टेज आणखी पडतं. या टप्प्यावर वीज कंपनीला दोष देण्याची प्रथा आहे. ती मोडू नका.

५. दिवा लागताच मशीन पार बटणापासून बंद करा. त्याबरोबर पंखाही थांबतो आणि आतली ऊब आतच मुरते. मशीन नुसतं चालू ठेवून होल्डर बाजूला टाकला असता, तर पंख्यानं काही मिनिटांत आतला भाग गार केला असता आणि दिवा आपला आपण विझला असता. पण मग चहाला खाली जायला निमित्त काय उरलं?

६. ओलं पोतं टाकायचा मोह आवरा. शॉक बसेल म्हणून नव्हे. नळाला पाणी पुन्हा कोणत्या दिवशी येईल याचा भरवसा नाही म्हणून.

७. एवढं करूनही दिवा लागत असेल, तर दोष दिव्याचाच आहे. झाकण उघडा. वॉरंटीचं स्टिकर फाटेल. फाटू द्या, तसंही बिल सापडत नाहीये. हीटसिंकला चिकटलेला शेंगदाण्याएवढा एक थर्मल स्विच दिसेल. सगळा कट त्याचाच. तापमान वाढलं की हाच चुगली करतो. त्याला कामावरून कमी करा.

आता मनसोक्त वेल्डिंग करा. दिवा लागणार नाही. थोड्या वेळानं आतून ‘फट्’ असा आवाज येईल आणि जळक्या बोर्डाचा वास सुटेल. आतले आयजीबीटी ट्रान्झिस्टर गेले. दुरुस्तीवाला नव्या कार्डाचा भाव सांगेल, तो जवळपास मशीनएवढाच असेल. पण ज्या तक्रारीपासून सुरुवात केली ती मिटली की नाही? मशीन आता गरम होत नाही.

उरलेलं ग्रिल टमटममध्ये टाकून त्याच फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या. भाव मुकाट्यानं कबूल करा. तो तुमच्या टाक्यांवर एक हातोडी मारेल, सुटून पडलेला पाइप उचलून बघेल आणि दुकानातल्या पोराला विचारेल, “कोण केलंय बे हे?” आपण त्या वेळी फोनवर बोलत असावं.